लेन्सचं लोणचं

लोणारचा सूर्यास्त. श्रावणातलं धुतलेलं आकाश, खाली ते अजस्र विवर, मधोमध हिरवट पाणी. मी काठावर उभी. कॅमेऱ्यावर मामाची जुनी ५० एमएमची लेन्स. क्लिक, क्लिक, क्लिक! मनात म्हटलं, यार, काय सही फोटो आलेत!

रात्री मेहकरला मामाकडे लॅपटॉपवर बघितले, तर सगळ्या फोटोंवर दुधाची साय चढल्यासारखी. आधी वाटलं, धुकं असेल. पण धुकं काय माझ्याबरोबर घरापर्यंत येणार होतं? मामाच्या अंगणात काढलेल्या फोटोतही तेच!

मामाने लेन्स हातात घेतली, मागून मोबाइलचा टॉर्च मारला आणि गप्प झाला. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. बुरशी!

मामाने आयुष्यभर लग्नांचे फोटो काढले. माझ्या आईच्या लग्नाचा अल्बमही याच लेन्सने केलाय. गेल्या वर्षी त्याने ती मला दिली. आणि मी काय केलं? मस्तपैकी लेदरच्या पाउचमध्ये घालून पुण्याच्या फ्लॅटमधल्या कपाटात, स्वेटरांच्या मागे ठेवून दिली. अख्खा पावसाळा.

"काहून वं," मामा एवढंच म्हणाला, "लेन्स काय लोणचं हाय, मुरवत ठेवायला?"

मुरवलंच होतं की! बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. त्यांना फक्त दमट हवा, अंधार आणि कोंदटपणा हवा असतो. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की त्यांची पार्टी सुरू. लेदर ओलावा धरून ठेवतं, म्हणजे मी तर पार्टीला हॉलच बुक करून दिला होता. वाढता वाढता ही बुरशी आम्ल सोडते आणि काचेवरचं कोटिंग खाते. धागे पुसता येतात, खाल्लेलं कोटिंग परत येत नाही.

तर दोस्तांनो, तुमच्या पहिल्या बोनसमधून घेतलेल्या लेन्सचं असं होऊ नये म्हणून हा फंडा. महागडं ड्राय कॅबिनेट लागत नाही. किचनमधला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, झाकणाला रबर असलेला. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि दोन-तीनशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला की झालं. अगदी कोरडंठाक करायलाही जाऊ नका, लेन्सच्या आतल्या वंगणाला ते मानवत नाही. डांबराच्या गोळ्या मात्र साड्यांसाठी ठेवा, लेन्सजवळ नको.

निळी सिलिका ओलावा पिऊन गुलाबी होते. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवतंय? खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांची ती करामत होती आणि सगळा देश फोटो बघत बसला. तुमच्या डब्यात गुलाबी दिसलं तर मात्र बघत बसू नका, पुड्या बदला. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, त्यामुळे ती सिलिका स्वयंपाकाच्या कढईत तापवायची नाही. केशरी मिळाली तर तीच घ्या.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय? लेन्स वापरा! महिन्यातून दोनदा बाहेर काढा, उजेड दाखवा, रिंगा फिरवा.

आता प्रवास. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. ते अख्खं एका फ्रेममध्ये हवं तर वाइड अँगल लागते आणि पक्षी हवेत तर टेली. म्हणजे दोन लेन्स न्यायच्याच. प्रत्येकीला पुढे-मागे दोन्ही टोप्या, हूड उलटा बसवलेला आणि बॅगेत प्रत्येकीचा वेगळा मऊ कप्पा. काचेला काच भेटता कामा नये. ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये बॅग वरच्या रॅकवर नाही, डिकीत तर मुळीच नाही. सरळ मांडीवर. धक्के तुमच्या मांड्या खातील, लेन्सचे स्क्रू ढिले होणार नाहीत. आणि विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत बॅग सोडून जेवायला जाऊ नका, प्लीज.

रात्रभर एसीत गारठलेली लेन्स पहाटे दमट हवेत काढली की काचेवर लगेच दव. बॅग उघडूच नका. अर्धा-पाऊण तास बंदच राहू द्या. तेवढ्यात चहा-पोहे होतात.

विवराच्या काठावर वारा असतो. लेन्स बदलताना वाऱ्याकडे पाठ करा, कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवा, दुसरी लेन्स आधीच हाताशी घ्या. धूळ बसली तर तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. आधी रबरी ब्लोअर, मग मायक्रोफायबर. ओढणी आणि टी-शर्टची टोकं या कामासाठी नसतात. घरी आलात की लेन्स बॅगेतून काढून डब्यात. बॅग ही प्रवासाची सोय आहे, लेन्सचं घर नाही.

मामाची लेन्स मी पुण्यात उघडून साफ करून घेतली. धागे गेले. पण कोटिंगवर एक डाग कायमचा राहिला. समोरून ऊन आलं की फोटोच्या कोपऱ्यात फिकट धूसर पट्टा दिसतो. सूर्यास्ताला ती लेन्स आता चालत नाही. ढगाळ दिवशी, सावलीत, माणसांचे फोटो काढायला अजून मस्त चालते.

परवा मामाला फोटो पाठवला. हवाबंद डबा, आत सिलिका, मधोमध त्याची लेन्स. दोन मिनिटांत फोन. "म्हंजे शेवटी बरणीतच घातली ना वं!"

हो मामा. पण या बरणीत मुरत काही नाही.