लेसर म्हणजे शेक नव्हे

"डॉक्टर, लेसर मारून घेऊ का?" हा प्रश्न हल्ली माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. कोणाची मान धरलेली असते, कोणाची टाच दुखते, कोणाचा हात खांद्याच्या वर जात नाही. तालुक्याच्या गावीही आता ही यंत्रे आली आहेत आणि वीस-वीस बैठकांचे पैसे आगाऊ भरून घेण्याची पद्धतही त्यांच्याबरोबर आली आहे. माझी तक्रार यंत्राबद्दल नाही, या पद्धतीबद्दल आहे.

लेसर म्हटले की लोकांना डोळ्याच्या पडद्याचा किंवा मुतखडा फोडण्याचा लेसर आठवतो. दुखण्यावरचा लेसर काही फोडत नाही की जाळत नाही. त्याची कथा मजेशीर आहे. १९६७ साली बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर नावाचे डॉक्टर लेसरने कर्करोग होतो का, हे उंदरांवर पाहत होते. कर्करोग झाला नाही. उंदरांचे भादरलेले केस मात्र लवकर उगवले! तिथून हा उपचार सुरू झाला. तांबडा किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कातडीखाली थोडा आत जातो, पेशींतील ऊर्जानिर्मितीला चालना देतो आणि सूज व वेदना कमी व्हायला मदत होते, असे आज मानले जाते. सौम्य लेसरने अंगाला ऊबसुद्धा जाणवत नाही. म्हणून तो शेक नव्हे.

गुण येतो का? काही दुखण्यांत येतो. मानदुखीवरील १६ चाचण्यांचा आढावा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली आला. जुनाट मानदुखीत उपचार संपल्यावर २२ आठवड्यांपर्यंत आराम टिकल्याचे त्यात दिसले. कर्करोगाच्या उपचारात तोंड येते, तेथेही लेसर उपयोगी ठरला आहे. कंबरदुखीबाबत मात्र पुरावा इतका भक्कम नाही, आणि यंत्रापुढे रांग लागते ती नेमकी कंबरवाल्यांची.

शिवाय गोळीसारखी लेसरलाही मात्रा असते. प्रकाश कोणत्या तरंगलांबीचा, एका जागी किती ज्यूल, यावर सारे अवलंबून आहे. कमी पडली तर उपयोग नाही, आणि जास्त दिली म्हणजे जास्त गुण असेही नाही. यंत्र चालवणाऱ्याला हे जरूर विचारा. उत्तर देता आले नाही, तर तुमच्या अंगावर नुसता दिवा फिरतो आहे असे समजा.

गेल्या हिवाळ्यात एक मावशी आल्या. खांदा आखडलेला. सोयाबीनच्या पैशातून एका केंद्रात वीस बैठकांची रक्कम भरली होती, चौदा झाल्या होत्या. मी रक्त तपासायला पाठवले, तर साखर तीनशेच्या वर! मधुमेहात खांदा आखडणे ही नेहमीची गोष्ट. पण चौदा दिवसांत साखरेचे कोणी विचारले नव्हते. उरलेल्या सहा बैठकांचे पैसे मागितले, तर पावतीवर "रक्कम परत मिळणार नाही" असे छापलेले. ते पैसे साखरेच्या गोळ्यांना आणि खांद्याच्या व्यायामाला हव्या असलेल्या फिजिओथेरपिस्टला गेले असते.

तेव्हा आधी निदान, मग लेसर. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, घटलेले वजन, पायातील जोर कमी होणे, लघवी अडणे, यांपैकी काही असेल तर सरळ डॉक्टरकडे जा. कर्करोगाची गाठ असलेल्या जागी आणि गरोदरपणी पोटावर-कंबरेवर लेसर घेऊ नये. जोरदार क्षमतेचे यंत्र कातडी तापवते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना चटका बसलेला कळतही नाही. पैसे पाच-सहा बैठकांचेच द्यावेत, फरक पडला तर पुढचे पाहावे, आणि व्यायाम पहिल्या दिवसापासून सुरू ठेवावा.

डोळ्यांवर त्या यंत्रासाठीचा खास चष्मा हवाच, रुग्णाच्या आणि चालवणाऱ्याच्याही. तो न देता कोणी यंत्र सुरू करू लागला, तर सरळ उठून घरी यावे.