सहाव्या नंबरची दाढ

मुलांनो, दातांच्या दवाखान्याची नुसती पाटी दिसली तरी तुमच्यापैकी कितीजणांच्या पोटात गोळा येतो? खरं सांगा हं! लाजू नका, सगळ्यांत आधी माझाच हात वर आहे.

मी चौथीत असताना माझी खालची एक दाढ त्रास द्यायला लागली. गार पाणी प्यायलो की कळ थेट कानापर्यंत जायची. पण घरी सांगितलं तर डॉक्टर ते ‘घूंऽऽ’ करणारं यंत्र तोंडात घालतील, म्हणून मी गप्प बसलो. दुसऱ्या बाजूनं चावायचो, आजीच्या डब्यातली लवंग दाढेखाली धरायचो. काही महिन्यांनी कळ थांबली. वाटलं, चला सुटलो! सुटलो कसला, दाढेच्या आतली नस मेली होती. पुढे गाल टम्म सुजला आणि दाढ काढावीच लागली. ती दुधाची असती तर एक वेळ चाललं असतं. पण ती कायमची होती.

इथेच पुष्कळजण फसतात. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी आधीचा कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कुणाला कळतही नाही. कळलं तरी ‘दुधाचीच असेल, पडेल’ म्हणून सोडून देतात. अशा ४ दाढा असतात. त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि बिस्किटाचा चिकट लगदा तिथेच जाऊन बसतो. तोंडातले जंतू त्यातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि दात पोखरला जातो. आपण ‘कीड’ म्हणतो खरं, पण अळीबिळी काही नसते.

दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण त्यात नस नसते. म्हणून कीड तेवढ्यातच असली तर दुखत नाही. अशा वेळी गेलात तर डॉक्टरांना फारसं काही करावं लागत नाही. दाढ चांगली असेल तर खाचांवर नुसता सीलंटचा लेप देऊनही भागतं, यंत्र लागत नाही. घाबरून दिवस ढकललेत, की ज्याची भीती वाटते तेच सगळं पदरात पडतं!

भीती वाटली तर डॉक्टरांना तसं सरळ सांगा. ‘आधी दाखवा, मग करा’ म्हणा. पुष्कळ डॉक्टर ब्रश नखावर फिरवून दाखवतात. आणि आधीच ठरवून घ्या, की मी डावा हात वर केला की थांबायचं. दाढ बधिर केली असेल तर ओठ सुजल्यासारखा वाटेल, तो गंमत म्हणून चावू नका.

आईबाबा, दोन शब्द तुम्हालाही. ‘मस्ती केलीस तर डॉक्टरांकडून सुई टोचून घेईन’ ही धमकी आजपासून बंद. ‘अजिबात दुखणार नाही’ हे खोटं वचनही नको. आणि सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश तुम्हीच फिरवा. फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढीच.

आता आरसा आणि बॅटरी घ्या. समोरच्या दोन दातांच्या मधल्या फटीपासून एका बाजूला मोजत मागे जा. पडलेल्या दाताची जागाही मोजायची. सहाव्या नंबरला आहे ती हीच दाढ. चारही बाजूंनी पाहा. खाचेत काळी रेघ किंवा खड्डा दिसला, तर दुखत नसलं तरी आज रात्रीच घरी दाखवा.