डग्गा जुना की नवा?

वाचकहो, दिवाळीची खरेदी म्हटली की आमच्या यवतमाळच्या घरात दोन पक्ष पडतात. यंदा निमित्त झाले सबवूफरचे. सबवूफर म्हणजे गाण्यातले अगदी खालचे, सेकंदाला साधारण 20 ते 100 कंपनांचे आवाज काढणारा ठोकळा. तबल्याच्या साथीतला डग्ग्याचा घुमार बराचसा याच्याच वाट्याला येतो.

आमचा ठोकळा 20 वर्षांचा, चांगला पोटभर वजनाचा. यंदाच्या उन्हाळ्यात तो फरफरू लागला. चिरंजीवांनी निकाल दिला, "बाबा, म्हातारा झाला तो. नवा आणू." आणि दुकानातून एक नवा डबा परीक्षेसाठी घरी आणलाही! आकाराने निम्मा, वीज बेताने खाणारा, गाणे थांबले की आपोआप झोपणारा. असा गुणी जावई कोण नाकारील?

तरी मी जुना दुरुस्तीवाल्याकडे नेलाच. त्याने पडद्याच्या कडेवरून बोट फिरवले. "काका, फेकता कायले? डबा ठणठणीत हाये. निस्ती कड झडली." कडेची फोमची पट्टी काही वर्षांनी कुजून तिचा भुगा होतो, रबराची असती तर अधिक टिकली असती. त्याने पट्टी बदलली, आतले सुकलेले कपॅसिटर बदलले. खर्च नव्याच्या किमतीच्या पावपटही आला नाही.

मग दोघांचा सामना ठरला. परीक्षक आमची आई, वय 84. उतारवयात कान आधी उंच, बारीक स्वर गमावतो. गाण्यातले शब्द तिला आता उमगत नाहीत; ठेका मात्र उमगतो. तेवढेच गाणे तिच्याकडे उरले आहे.

कोपऱ्यात आधी नवा ठेवला. खिडक्यांची तावदाने थरथरली. चिरंजीव खूश! आई म्हणाली, "दुर्गादेवीची मिरवणूक आली का रे?"

त्याच कोपऱ्यात जुना लावला. दोन आवर्तने गेली आणि आईचा हात मांडीवर हलू लागला. सम आली, तशी तिची मान बरोबर डोलली.

मी विजयी मुद्रेने चिरंजीवांकडे पाहिले. पण पोरगा खरा हुशार. "बाबा, हा वयाचा फरक नाही, डब्याचा आहे," तो म्हणाला. जुना डबा चहूबाजूंनी बंद. आतली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला चटकन जागेवर आणते. नव्याला मागे नळीचे भोक; त्याने आवाज मोठा होतो, पण थाप विरायला वेळ लागतो. त्यात दोन भिंतींचा कोपरा घुमार आणखी वाढवतो. त्याने नवा कोपऱ्यातून चार हात पुढे ओढला. खरेच, गोंगाट निम्म्यावर आला! नवे बंद डबेही मिळतात, हेही त्यानेच सांगितले. पण मग घरचा दुरुस्त झालेला असताना ते कशाला?

तेव्हा वाचकहो, जुना फेकण्याआधी त्याची कड पाहा; नवा घेण्याआधी जागा बदलून, ओळखीचा ठेका लावून ऐका. आणि घरात ज्याला कमी ऐकू येते, त्याला आधी विचारा.

नवा डबा दुकानात परत गेला. दुसऱ्या दिवशी आईने चहा पिता पिता विचारले, "ती मिरवणूक गेली ना रे? मग लाव आता गाणे."