काळे दगड, फिकट दगड

शहर पाहायचं तर आधी जरा लांबून पाहावं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनला हे फार लागू पडतं. एल्ब नदीच्या एका काठाला जुनं शहर. आपण पलीकडच्या काठाला गवतात बसायचं. पुराचं पाणी पसरायला लागतं म्हणून इथली नदीकाठची कुरणं मोकळी राहिली. त्यामुळं समोरचे मनोरे, राजवाड्याची छपरं आणि घंटेच्या आकाराचा मोठा दगडी घुमट, सगळं एका नजरेत येतं.

बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकारानं १७४८ साली याच काठावरून हा देखावा रंगवला. त्याच्या चित्रातला घुमट आजही समोर दिसतो. पण मधली साठेक वर्षं तो तिथं नव्हता.

फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले. सुमारे २५ हजार माणसं गेली. घुमटाचं ते चर्च, फ्राउएनकिर्शे, दोन दिवस तग धरून होतं. मग आगीनं तापलेले खांब फुटले आणि सगळं खाली आलं. पुढं चाळीसहून जास्त वर्षं तिथं दगडांचा ढीग पडून होता.

१९९४ साली बांधकाम सुरू झालं. ढिगाऱ्यातल्या दगडांना नंबर दिले, जुने फोटो पाहून कुठला दगड कुठला ते शोधलं, आणि कामाचे निघाले ते पुन्हा भिंतीत बसवले. २००५ मध्ये चर्च उघडलं. हा दगड काळानं काळा पडतो, म्हणून फिकट भिंतीत जुने दगड ठिपक्यांसारखे दिसतात. ते लपवले नाहीत, हे मला फार आवडलं. वरचा सोनेरी क्रूस लंडनमध्ये घडवला. तो घडवणाऱ्या एका कारागिराचे वडील त्या बॉम्बफेकीतले वैमानिक होते.

गंमत पाहा, इतक्या मायेनं देखावा परत उभा करणाऱ्या याच शहरानं २००५ साली मतदान घेऊन कुरणांवरून नवा पूल बांधायचं ठरवलं. युनेस्कोनं बजावलं, देखावा बिघडेल. शहर ऐकेना. २००९ मध्ये एल्बच्या या खोऱ्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीतून गेलं, आणि २०१३ साली पूल सुरू झाला. नदी आडवी आली की काय हाल होतात, हे तुम्हांआम्हांला कुणी सांगायला नको. त्यामुळं त्या लोकांना दोष देववत नाही. पण पुलाऐवजी बोगदा करा, अशी सूचना झाली होती. ती मानायला हवी होती.

आता त्याच पुलावर लोक घटकाभर थांबतात आणि लांबचा घुमट पाहतात.