स्कूटरचा पिकअप आणि सहा रोलर

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. शीर्षक वाचून आमच्या घरचे हसणार हे ठाऊक आहे. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला स्कूटरच्या पुलीशी काय देणंघेणं? पण मंडळी, १९९०च्या दशकापासून मी बिनगिअरच्या स्कूटरवर फिरले आहे. डोंबिवलीत शाळेत जाताना, कल्याणला बहिणीकडे जाताना, क्वचित ठाण्यापर्यंतसुद्धा. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालते.

निमित्त नातवाचं. त्याच्या मित्रमंडळींत सध्या एकच मंत्र चालतो : "हलके रोलर टाक, गाडी उडते!" कोणी घोडबंदर रोडवर कोणाला मागे टाकलं याच्या गोष्टी रंगतात. मग नातू मला विचारतो, "आजी, टाकू का?" मी लगेच नाही म्हटलं नाही. आधी आत काय आहे ते बघू या म्हटलं. माझा एक जुना विद्यार्थी डोंबिवली पूर्वेला गॅरेज चालवतो. त्याच्याकडे दोन-तीन दुपारी स्टुलावर बसून मी हे समजून घेतलं. (तो अजूनही मला बाईच म्हणतो, आणि हातातला पाना खाली ठेवून बोलतो. असो.)

तर आत काय असतं? स्कूटरच्या डाव्या बाजूचा लांबट डबा उघडला की दोन पुली दिसतात, एक पुढे आणि एक मागे, आणि त्यांच्यावर एक जाड रबरी बेल्ट. पुढची पुली इंजिनाबरोबर फिरते. तिच्या दोन तबकड्यांपैकी एक सरकती असते, आणि तिच्या पाठीमागे बहुतेक ११० सीसी स्कूटरमध्ये सहा छोटे रोलर असतात. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की हे रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि सरकत्या तबकडीला ढकलतात. तबकड्या जवळ आल्या की बेल्ट पुढच्या पुलीवर वर चढतो. बेल्टची लांबी काही वाढत नाही, म्हणून मागच्या पुलीच्या तबकड्या फाकतात आणि तिथे तो खाली उतरतो. झाला गिअर बदलून! मागच्या पुलीत एक मोठी स्प्रिंग असते, ती या फाकण्याला विरोध करते. त्याच बाजूला क्लचचे शू असतात. फेऱ्या पुरेशा वाढल्या की ते बाहेर पसरून भोवतीची वाटी पकडतात आणि चाक फिरू लागतं.

आता रोलरच्या वजनाचा खेळ बघा. रोलर जड असले तर कमी फेऱ्यांतच तबकडी ढकलली जाते, म्हणजे वरचा गिअर लवकर पडतो. इंजिन शांत चालतं, पेट्रोल कमी लागतं, पण चढावर गाडी दमते. हलके असले तर इंजिनाला जास्त फेऱ्या घ्याव्या लागतात. गाडी झटकन उठते, चढ ओढते, पण आवाज वाढतो आणि ॲव्हरेज घटतं. फारच हलके टाकले तर बेल्ट पुढच्या पुलीच्या टोकापर्यंत चढतच नाही. पिकअप वाढतो आणि टॉप स्पीड उलट कमी होतो! हे नातवाच्या मित्रांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

म्हणजे रोलर बदलून इंजिनाची ताकद वाढत नाही. ११० सीसीच्या इंजिनात साधारण आठ अश्वशक्ती असते आणि ती साडेसात-आठ हजार फेऱ्यांच्या आसपास पुरती मिळते. पूर्ण थ्रॉटलला इंजिन त्या फेऱ्यांवर टिकवून धरणं, एवढंच काम रोलर आणि स्प्रिंग यांच्या हातात आहे. बरोबर जमलं तर आहे ती ताकद चाकापर्यंत पोचते.

ही युक्ती तशी जुनी. हॉलंडमध्ये डाफ कंपनीने १९५८ साली असा बेल्ट चक्क मोटारीत घातला. आपल्याकडे ती घराघरांत आली कायनेटिक होंडामुळे. पुण्याच्या कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर १९८४ साली ही कंपनी उभी केली. गिअर नाही, किक मारायची गरज नाही, बटण दाबा आणि निघा. माझ्या पिढीतल्या कितीतरी शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बायका त्या बटणामुळे रस्त्यावर आल्या. साडी सावरून किक मारण्याची कसरत ज्यांनी केली आहे, त्यांनाच त्याचं मोल कळेल. बटणाचं कौतुक सगळ्यांनी केलं, पुलीकडे मात्र कोणी पाहिलंच नाही.

गंमत म्हणजे बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाईलमध्येही हीच पुली आणि हाच बेल्ट असतो. तिथे वेगळे शू नसतात, पुढची पुलीच बेल्टला पकडते आणि क्लचचं कामही करते. माझा भाचा कॅनडात असतो. तो सांगत होता की तिकडे उंच डोंगरावर जाताना लोक या पुलीतली वजनं बदलून हलकी करतात. कारण उंचावर हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी. मग तीच वजनं जड ठरतात, वरचा गिअर अकाली पडतो आणि इंजिन गुदमरतं. आपल्यातले पुष्कळ जण सहलीत गुलमर्गला स्नोमोबाईलवर बसून आले असतील. ते गाव २६५० मीटरवर आहे. आमचं डोंबिवली खाडीकाठचं, समुद्रसपाटीच्या जेमतेम वर. एकच सेटिंग दोन्हीकडे सारखं कसं चालेल?

इथेच माझं मत सांगते. "कंपनीने दिलंय ते बरोबर, हात लावू नका," असं म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही. कंपनी अख्ख्या देशासाठी एक मधला मार्ग काढते. रोज दोघांना घेऊन मुंब्रा बायपासचा किंवा येऊरचा चढ चढणाऱ्याला थोडे हलके रोलर सोयीचे पडत असतील, तर ते समजून-उमजून घालण्यात गैर काय? पण शर्यतीसाठी हलके रोलर घालणं मला साफ नामंजूर आहे. डोंबिवलीहून ठाण्याला जाताना वेळ ठरवतात सिग्नल, खड्डे आणि शीळफाट्याची कोंडी. तिथे दहाचा वेग वाढवून दोन मिनिटंही वाचत नाहीत, जीव मात्र टांगणीला लागतो. आणि याच्या जोडीने मुलं कर्कश सायलेन्सर लावतात, इंजिन मोठं करतात. गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करायला १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं, हेही त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

सगळ्यात वाईट वाटलं ते एका डिलिव्हरीवाल्या मुलाचं. गॅरेजमध्येच भेटला. जुनी स्कूटर, दिवसभर पाठीवर पिशवी. गाडी ओढत नाही म्हणून कोणीतरी त्याला हलके रोलर घालून दिले होते. गाडी चार दिवस बरी वाटली, मग पेट्रोल पुरेना. हिशोब करू या. समजा तो दिवसाला १०० किलोमीटर फिरतो आणि ॲव्हरेज ४५ वरून ४० वर आलं. रोज पाव लिटरहून जास्त पेट्रोल जादा. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याच्या २६ दिवसांत सातशेच्या वर रुपये गेले. त्याच्या घरच्या गॅस सिलिंडरचा बराचसा खर्च नाही का झाला?

माझ्या विद्यार्थ्याने डबा उघडला. बेल्ट झिजून अरुंद झालेला, क्लचचे शू काचेसारखे गुळगुळीत, मागची स्प्रिंग ढिली. "बाई, दुखणं इथे होतं, आणि औषध तिथे दिलं!" म्हणाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. बेल्ट, स्प्रिंग आणि मूळ वजनाचे नवे रोलर घातल्यावर गाडी पुन्हा ओढू लागली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की गाडी आधी मूळ जागेवर आणा आणि बदल मग करा. ब्रेक घासत नाही ना, टायरमध्ये हवा आहे ना, एअर फिल्टर स्वच्छ आहे ना, हे बघा. मग बेल्टची रुंदी कंपनीच्या मापाशी ताडून पाहा. रोलर एका बाजूने चपटे झाले असतील तर सहाच्या सहा बदला. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल आणि ती नुसतीच घोंगावत असेल, तर डब्यात पाणी शिरून बेल्ट घसरतोय का तेही बघा. आपल्याकडे हे दर जुलैला होतं.

एवढं करूनही चढावर गाडी कमी पडली, तरच रोलरला हात लावा, आणि तोही अर्ध्या-एका ग्रॅमचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, रोलर आणि स्प्रिंग एकदम नाही. तोच चढ, तीच माणसं, तीच वेळ, आणि हातात घड्याळ. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा फेऱ्या मोजणारा छोटा मीटर मिळतो, तो लावला तर अंदाजपंचे काम उरत नाही. आठवडाभर पेट्रोलचा हिशोब वहीत लिहायचा. शाळेत प्रयोगवहीला मुलं कंटाळतात, इथे ती पैसे वाचवते.

आता इलेक्ट्रिक स्कूटर आल्या आहेत. २०२५ मध्ये कायनेटिकचं जुनं डीएक्स हे नावही इलेक्ट्रिक होऊन परत आलं. त्यांच्यापैकी काहींच्या तर चाकातच मोटर असते. अशी सरकती पुली नाही आणि रोलरही नाहीत. पण रस्त्यावर पेट्रोलच्या स्कूटर अजून पुष्कळ वर्षं दिसतील, आणि त्यांच्यावर पोट असणारी मुलंही.

नातवाने अजून रोलर बदललेले नाहीत. वहीत तीन आठवड्यांचे आकडे मात्र लिहिले आहेत. तुमच्यापैकी कोणी हा प्रयोग केला असेल तर आकड्यांसकट जरूर कळवा. आणि मेकॅनिकने रोलर बदलले, तर जुने सहा तुमच्या हातात मागून घ्या, ते किती चपटे झालेत ते स्वतः बघा.