काटा खरे बोलला पाहिजे

नागपूरच्या शून्य मैल स्तंभावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे : १०२०.१७१ फूट. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंतचा हा आकडा भूमापकांच्या काटेकोरपणाची साक्ष देतो. याच शहराच्या सभोवार, हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत असंख्य दाबमापकांचे काटे अहोरात्र हलत असतात. बॉयलर, हवेचे कॉम्प्रेसर, वायूच्या टाक्या यांची सुरक्षा त्या काट्यांवर सोपविलेली आहे. स्फोटक पदार्थ आणि दाबपात्रे यांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालयही नागपुरातच आहे. म्हणून हे काटे खरे बोलतात काय, हा प्रश्न याच शहरात विचारला जाणे सर्वथा उचित ठरते.

दाब मोजणे ही सामान्य कुटुंबालाही अपरिचित गोष्ट नाही. प्रेशर कुकरच्या छोट्या छिद्रावर ठरावीक वजनाची शिटी बसते. आतील वाफेचा जोर त्या वजनाहून अधिक झाला की शिटी उचलली जाते. प्रयोगशाळेत दाबमापक तपासण्यासाठी वापरला जाणारा डेड वेट टेस्टर याच तत्त्वावर चालतो. कारखान्यातील गोल तबकडीचे गेज मात्र वेगळे. त्यात युजेन बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्याने १८४९ साली शोधलेली वाकडी, चपटी नळी असते. दाब वाढला की ती किंचित सरळ होते आणि दंतचक्रांच्या साहाय्याने काटा फिरविते. रचना साधी, टिकाऊ आणि स्वस्त आहे. पण ‘काटा हलला’ आणि ‘काटा खरे बोलला’ या दोन गोष्टी एक नव्हेत.

पहिली गफलत खरेदीतच होते. गेजवर अचूकतेचा वर्ग १.६ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ वाचनाच्या १.६ टक्के असा नसून संपूर्ण मोजपट्टीच्या १.६ टक्के असा आहे. १०० बारच्या गेजवर १० बारचा दाब मोजला, तर दीड बारहून अधिक चूक ‘नियमात बसणारी’ ठरते. म्हणजे प्रत्यक्षात १६ टक्के! ‘मोठे गेज अधिक सुरक्षित’ असे मानणारा खरेदी विभाग नकळत कामगाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधत असतो. नेहमीचा दाब मोजपट्टीच्या मधल्या भागात यावा, असेच गेज निवडले पाहिजे.

दुसरी गफलत जोडणीची. गेज एकटे कधीच काम करीत नाही. झडप, जोडनळी, वाफेपासून रक्षण करणारी वळणदार सायफन नळी, पडदा आणि त्यामागील तेल या साऱ्यांची मिळून ती जुळणी असते. वाफेच्या वाहिनीपासून पाच मीटर खाली गेज बसविले, तर जोडनळीत साचलेल्या पाण्याचाच सुमारे अर्धा बार दाब काट्यावर अधिक दिसतो. गेज निर्दोष, प्रमाणपत्र निर्दोष, वाचन मात्र चुकीचे! सायफन वगळला की तप्त वाफ थेट नळीत शिरते. नळी चोंदली की काटा कालचाच दाब आजही दाखवीत राहतो. अचूकता विकत आणता येत नाही. ती जुळवावी लागते.

तिसरी गोष्ट खास नागपूरची. ही गेज २० अंश सेल्सिअस तापमान प्रमाण मानून तपासलेली असतात. तापमान दहा अंशांनी बदलले की सामान्य गेजमध्ये मोजपट्टीच्या ०.४ टक्क्यांपर्यंत जादा चूक संभवते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा केवळ उन्हाळ्यापोटी एक टक्का हातचा जाऊ शकतो. नागपूरचे गुरुत्वाकर्षणही प्रमाण मूल्याहून सुमारे ०.२ टक्के कमी आहे. डेड वेट टेस्टरच्या वजनांना ही दुरुस्ती लावली नाही, तर परीक्षकच चुकतो. शिवाय शहर समुद्रसपाटीहून तीनशे मीटर उंच असल्याने येथील हवेचा दाबही सुमारे साडेतीन टक्के कमी असतो. वीजकेंद्राच्या कंडेन्सरमध्ये निरपेक्ष दाब ०.१ बारच्या आसपास असतो. तेथे पुस्तकातील समुद्रसपाटीचा आकडा गृहीत धरणाऱ्याचा हिशेब एकतृतीयांशाने चुकतो.

ही चर्चा केवळ तांत्रिक आहे, असे कोणी समजू नये. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायूच्या टाकीतील दाब अल्पावधीत दोनवरून दहा पौंडांवर गेला. दहा हा आकडा नित्याच्या मर्यादेतला होता आणि तेथील उपकरणांवरचा कामगारांचा विश्वास आधीच उडालेला होता. त्यामुळे त्या वाढीचा वेळीच अर्थ लावला गेला नाही. पुढे हजारो निरपराधांचे प्राण गेले. त्या विनाशाची कारणे अनेक होती. पण एक धडा कायमचा आहे. खोटे बोलणाऱ्या उपकरणांची सवय झाली की एक दिवस खरा इशाराही खोटा वाटू लागतो.

मापांची वेळोवेळी तपासणी ही काही पाश्चात्त्यांकडून उसनी घेतलेली कल्पना नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे आणि दर चार महिन्यांनी मापे तपासून मुद्रांकित करण्याचा दंडक आहे. आज मात्र अनेक लहान कारखान्यांत कॅलिब्रेशन हा लेखापरीक्षणाच्या आदल्या दिवशीचा विधी होऊन बसला आहे. गेजवर नवी चिठ्ठी चिकटते, फाइलमध्ये कागद लागतो आणि काटा पूर्ववत मनाचे सांगत राहतो. पूर्वजांच्या दंडकाचा अभिमान बाळगायचा आणि त्याचे आचरण टाळायचे, ही आत्मवंचना होय.

उपाय अशक्य नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत देशाची दाबाची मूळ मानके आहेत. नागपुरात केंद्र सरकारची प्रादेशिक संदर्भ मानक प्रयोगशाळा आहे, विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. उद्योजकांच्या संघटनांनी या संस्थांच्या सहकार्याने सामायिक तपासणी केंद्र आणि फिरते पथक उभारावे. तपासणी शक्य तेथे गेज बसविलेल्या जागी, जोडणीसह आणि भर उन्हाळ्यात एकदा तरी व्हावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांना गेज उघडण्याबरोबरच चुकीचा हिशेब मांडायला शिकवावे. आणि काट्यावर शंका घेणाऱ्या कामगाराला ‘उत्पादन थांबवितोस काय?’ असे दरडावण्याऐवजी शाबासकी द्यावी.

स्वदेशी वस्तू बनविणे हा आत्मनिर्भरतेचा अर्धा भाग झाला. जगाने आपल्या मापावर विश्वास ठेवावा, हा उरलेला अर्धा. तो विश्वास घोषणांनी मिळत नाही. कोणी पाहत नसतानाही काटा खरे बोलतो, तेव्हाच तो मिळतो.