माल आमचा, पिशवी कोणाची?

२०१७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तूर घेऊन खरेदी केंद्रावर गेलेल्या कास्तकाराला एक पाटी आठवत असेल : 'बारदाना संपला'. हमीभाव बोनससह ५०५० रुपये, बाजारात भाव त्याच्या बराच खाली, म्हणून ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर सडकेपर्यंत गेलेली. तूर होती, काटा होता, हमाल होते, ग्रेडरही एखाद्या दिवशी हजर असे. पोते नव्हते. पिकवणारा माणूस रात्रभर ट्रॉलीखाली झोपून स्वतःच्याच मालाची राखण करीत होता, कारण तो भरायला ताग्याची पिशवी आली नव्हती. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनच्या वेळी पुन्हा तेच झाले. सात वर्षांत सरकारला एवढाही शोध लागला नाही की माल येणार म्हणजे पोती लागणार.

आम्ही शेतकरी चळवळीतली माणसे भावाबद्दल बोलतो, कर्जाबद्दल बोलतो, विजेबद्दल बोलतो. पोत्याबद्दल बोलायचे कोणाला सुचत नाही. पोते ही व्यापाऱ्याची किंवा सरकारची बाब, अशी आमची समजूत. आता गावोगाव आपली पोरे आणि बायाबापड्यांचे गट ज्वारी साफ करून, पीठ करून, डाळ भरडून विकू लागले आहेत. त्यांना पहिल्यांदाच स्वतःची पिशवी स्वतः निवडायची आहे. म्हणून हा विषय या अंकात घेतो आहोत.

आधी कायद्याचे पाहू. १९८७ साली केंद्राने एक कायदा केला. अमुक माल तागाच्याच पोत्यात भरला पाहिजे, अशी सक्ती करण्याचा अधिकार सरकारने त्यात स्वतःकडे घेतला. सुरुवातीला या सक्तीत धान्य आणि साखरेबरोबर सिमेंट आणि खतही होते. सिमेंटवाले कोर्टात गेले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. तरी पुढे सिमेंट सुटले, खत सुटले. साखरेची सक्ती उतरत उतरत २० टक्क्यांवर आली. आणि धान्य? २०२३-२४ च्या ताग वर्षासाठी मंत्रिमंडळाने ठरवले ते असे : धान्य १०० टक्के, साखर २० टक्के. ज्यांची दिल्लीत ऊठबस आहे ते एकेक करून बाहेर पडले, ज्याची नाही तो कोंडवाड्यात राहिला. किरकोळ विक्रीच्या लहान पुड्यांना आणि निर्यातीच्या मालाला सूट आहे, एवढीच काय ती फट.

बंगाल, बिहार, आसामातल्या ताग पिकवणाऱ्या भावाशी आमचे भांडण नाही. तोही आमच्यासारखाच पावसाच्या आणि व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहणारा. सक्ती त्याच्या नावाने होते. पोत्याची ऑर्डर मात्र हुगळीकाठच्या गिरण्यांना मिळते. आमच्यावरही १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदीची अशीच माया केली गेली होती. माया किती पातळ झाली होती ते ज्यांनी चुकाऱ्यासाठी चकरा मारल्या त्यांना विचारा.

तागाचे पोते वाईट आहे असेही आम्ही म्हणत नाही. ते हवा खेळू देते, थप्पीवरून घसरत नाही, हमालाचा आकडा लागला तरी उभे फाटत नाही. पण त्यातून सोंडे सहज शिरतात, आणि त्याला वजन असते. ५० किलोचे सरकारी पोते ५८० ग्रॅमचे. अडत्याकडे त्याचा धडा किलोचा धरलेला आम्ही कित्येकदा पाहिला आहे. म्हणजे पोत्यामागे ४२० ग्रॅम ज्वारी फुकट. शंभर पोत्यांवर ४२ किलो. पिशवी ही किरकोळ गोष्ट आहे असे ज्याला वाटते त्याने हा हिशेब एकदा बायकोसमोर करावा.

आता आमच्या स्वतःच्या फजितीकडे येतो. दुसऱ्याची चूक सांगताना आपली लपवायची हे बरे नव्हे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका गटाबरोबर मालदांडी ज्वारी आणि ज्वारीचे पीठ एकेक किलोच्या पिशवीत विकायला सुरुवात केली. पिशवीवाला शहरातला, बोलायला गोड. त्याने चार रंगांचे चित्र काढून दाखवले : कणीस, उगवता सूर्य, डोक्यावर पदर घेतलेली बाई. गट खूष. आम्ही कृषी पदवीधर, पण बियाण्याच्या पिशवीवरचे बारीक अक्षर वाचायला दुसऱ्यांना शिकवणाऱ्या आम्ही त्याच्या कोटेशनवरचे बारीक अक्षर वाचले नाही.

अशा छपाईला प्रत्येक रंगाचा एक कोरलेला सिलिंडर लागतो. चार रंग, चार सिलिंडर. पैसे आमच्याकडून घेतले. निम्मी रक्कम आगाऊ, दहा हजार पिशव्यांची किमान ऑर्डर. पुढच्या वर्षी दुसऱ्याचा दर कमी मिळाला म्हणून आम्ही सिलिंडर मागायला गेलो. उत्तर आले, 'सिलिंडर आमचे. तुम्ही दिले ते करणावळीचे पैसे.' बिल काढून पाहिले तर खरेच, 'सिलिंडर चार्जेस' एवढेच लिहिलेले. ते कोणाच्या मालकीचे याबद्दल एक शब्द नाही. आमच्या गटाचे नाव, आमचे कणीस, आमची बाई, सगळे त्याच्या गोदामात गहाण. एक तर तो म्हणेल त्या दराने त्याच्याकडूनच पिशवी घ्यायची, नाही तर पुन्हा चार सिलिंडरांचे पैसे मोजायचे.

दुसरी चूक संपूर्ण आमची. पिशवीवर कमाल किंमत आम्ही कायमची छापून घेतली. वर्षभरात ज्वारी महागली. चिठ्ठी चिकटवून छापील किंमत कमी करता येते, वाढवता येत नाही. तसा वजनमापाचा नियम आहे. उरलेल्या पिशव्या एक तर जुन्या भावाने विकायच्या, नाही तर टाकून द्यायच्या. आम्ही जुन्या भावाने विकल्या. शेतमालाला भाव मागणाऱ्या माणसांनी स्वतःच्या मालाचा भाव स्वतःच प्लास्टिकवर कोरून बांधून घेतला होता.

या फजितीतून पिशवीवाल्याची पारख थोडीफार कळली. नगावर दर ठरवला तर पिशवी पातळ येते, किलोवर ठरवला तर जाड येते. दोन्हीकडून मरण ग्राहकाचेच. म्हणून नमुन्याच्या शंभर पिशव्या सोनाराच्या नाहीतर पोस्टाच्या काट्यावर तोलून तो आकडा करारात लिहायचा आणि माल आल्यावर गठ्ठ्याच्या मधून शंभर काढून पुन्हा तोलायच्या. नमुना ८ ग्रॅमचा असेल आणि आलेली पिशवी ७ ग्रॅमची भरली, तर रुपयातले दोन आणे त्याने खाल्ले. दहा हजारांच्या ऑर्डरवर अकरा हजार पाठवून सगळ्यांचे पैसे मागण्याची रीतही या धंद्यात आहे; कमी-जास्त किती चालेल ते आधीच लिहून घ्यावे. सिलिंडर गटाच्या मालकीचे आणि मागताच परत, हे वाक्य ऑर्डरवर असलेच पाहिजे. ते लिहून द्यायला जो काचकूच करतो, त्याचा दर कितीही कमी असो, त्याच्याकडे चहासुद्धा घेऊ नये.

नव्या गटाने तर सिलिंडराच्या भानगडीत पडूच नये. साधी कोरी पारदर्शक पिशवी आणि वर छापील चिठ्ठी. बाजार बसला, चित्र बदलावेसे वाटले, नियम बदलला, तर नुकसान फक्त चिठ्ठ्यांचे. गिऱ्हाइकाला आत दाणा दिसतो. टपोरी, मोत्यासारखी मालदांडी सूर्याच्या चित्रामागे कशाला लपवायची?

पिशवीवाला हमखास जास्त थरांची, आत चंदेरी असलेली पिशवी गळ्यात मारतो. सहा महिने टिकेल म्हणतो. काय टिकेल? अख्खी ज्वारी नीट वाळवून, १२ टक्क्यांच्या आत ओल ठेवून, सोंडे-किडे नसताना भरली तर साध्या पिशवीतही टिकते. ओलसर भरली तर चांदीच्या पिशवीतही बुरशी धरेल. पिठाचे वेगळे. दाण्याच्या कोंबात तेल असते, दळल्यावर त्याला हवा लागते आणि पीठ कडवट होऊ लागते. बाजरीचे लवकर, ज्वारीचे जरा सावकाश. महिन्याभरात खपणाऱ्या पिठाला भारी पिशवी नको; ताजे दळण आणि गार झालेले पीठ हवे. चक्कीवरून गरम पीठ सरळ पिशवीत भरले की आत घाम सुटतो आणि गोळे होतात. सील करताना तोंडावर पीठ राहिले तर सील धरत नाही. तो दोष आम्ही दोन महिने पिशवीवाल्याच्या माथी मारत होतो, हेही सांगून टाकतो.

कापसाबद्दल इथेच एक शब्द. वेचणीला खताची रिकामी पोती वापरायची सवय अजून जात नाही. त्यातला प्लास्टिकचा धागा कापसात मिसळतो, त्याला रंग चढत नाही, आणि रंगवलेल्या कापडात तो पांढरा डाग होऊन उठतो. मग गिरणीवाला साऱ्या मुलखाच्या कापसाला नावे ठेवून भाव पाडतो. जुन्या सुती लुगड्याची किंवा धोतराची झोळी फुकट असते आणि तिचा पुरवठादार घरातच असतो.

सगळ्यात मोठा धोका स्वस्त पिशवीचा नाही, फुकट पिशवीचा आहे. हल्ली शहरातल्या कंपन्यांची माणसे गावात येतात. 'ज्वारी तुमची, पिशवी आमची. तुम्ही फक्त भरून द्या.' पिशवीवर मोठे नाव त्यांचे, आणि गटाचे नाव कुठे दिसलेच तर मागच्या बाजूला मुंगीएवढे. दोन वर्षे गिऱ्हाईक ते नाव ओळखायला शिकते. तिसऱ्या वर्षी कंपनी शेजारच्या तालुक्यातून ज्वारी घेते, आणि आमच्या गटाच्या हातात शिवण्याचे यंत्र उरते. जो माल विकत घेतो त्याची पिशवी घेऊ नये, आणि जो उधार पिशवी देतो त्याला माल विकू नये. बियाणे-खत उधार देऊन कापूस घरून उचलणाऱ्या दुकानदाराने हा धडा आपल्याला एकदा दिला आहे. त्याची फी आपण भरून चुकलो.

२०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांना ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची योजना सुरू झाली. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून गाजल्यावर तर दलालांना ऊत आला. प्रकल्प अहवाल तोच करतो, यंत्राचे कोटेशन तोच आणतो, पिशवीवालाही त्याचाच मेहुणा. अनुदान आमच्या नावावर, ते मुरते मात्र दुसऱ्याच्या रानात. सरकारची दुसरी बाजू पाहा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, नाव-वजन छापलेल्या बंद पिशवीतल्या धान्याला आणि पिठाला ५ टक्के जीएसटी लागला. सुटी विकली तर कर नाही. मूल्यवर्धन करा म्हणून भाषण देणारे सरकार पिशवीचे तोंड शिवताक्षणी उंबऱ्यावर हात पसरून उभे.

जिल्ह्यातले गट वेगवेगळे जाऊन हजार-दोन हजार पिशव्या मागतात, म्हणून पिशवीवाला त्यांना उभे करीत नाही. एकाच मापाची कोरी पिशवी सगळ्यांनी मिळून मागवली आणि चिठ्ठी ज्याची त्याची ठेवली तर ऑर्डर मोठी होईल. निदान तीन ठिकाणचे लेखी दर येतील. पुढच्या जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात यावर बोलायचे आहे. प्रत्येक गटाने आपली एक रिकामी पिशवी, तिचे बिल आणि माल उतरवून घेतल्याची पावती बरोबर आणावी. काटा आम्ही आणतो.